मुंजाजी सरांचा प्रसाद

शिरूर कासारजवळच्या आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली मुंजाजी सरांच्या करदोट्याला. ती काढायची म्हणजे सरांना भिंतीकडे तोंड करावं लागतं.

माणूस देवभोळा, पोरांवर जीव टाकणारा. पण पुस्तक मागितलं की कपाळाला आठ्या. "हरवलं तर जबाब कोण देनार?" मी त्याच शाळेतला शिक्षक, मला राग यायचा. निम्मी पोरं दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, अन् ह्यांची पुस्तकं मात्र कपाटात सुखरूप!

कपाट उघडायचं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सरस्वतीपूजनाला. यंदाही सरांनी पुस्तकं पाटावर मांडली, वरचं एक उघडं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. सहावीतली करिष्मा झेंडूचं फूल घेऊन पुढे आली आणि एकेक पाकळी वाहत बसली. मागे रांग खोळंबली.

"बघा, ह्याला म्हनतात भक्ती!" सर मला म्हणाले.

तेवढ्यात करिष्मानं विचारलं, "सर, म्हातारीचं गाढव घावलं का? पान उलटा की."

भक्तीबिक्ती काही नव्हती, पोरगी वाचत होती! सरांचा चेहरा उतरला.

"पूजेतलं पुस्तक वाचायचं नसतं."

"मग घरी नेऊन वाचते. परवा आमी ऊसतोडीला चाललो. तिथं कुठलं पुस्तक?"

"न्हाई म्हनलं ना!"

सर खोबरं-साखर वाटू लागले, तेव्हा करिष्मानं ओंजळ पुढे केली.

"सर, पूजेतलं खोबरं परसाद होतं. मग पुस्तक कावून न्हाई?"

सर अडकले. प्रसाद नाकारायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम पंख्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. लगेच मागच्या रांगेनंही हात पसरले. खोबरं कुणालाच नको होतं. बघता बघता पाट रिकामा झाला आणि सर घाम पुसत खुर्चीत बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून ट्रॅक्टर निघाला. भांड्याकुंड्यांच्या ढिगावर करिष्मा वाचत बसली होती. मुंजाजी सर मोटारसायकल रस्त्यात टाकून मागे धावले. आता हे पुस्तक परत मागणार! मला त्यांची लाज वाटली.

"करिष्मे!" सर धापा टाकत ओरडले, "पुस्तक हरवलं तर हरवू दे. तू तेवढी माघारी ये, माय!"