शेवटची सोळा पानं

"हा शेवट माझा नाही," शरयूताई म्हणाल्या आणि चष्मा काढून त्यांनी तो माझ्या सिनॉप्सिसवर ठेवला.

लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. शरयूताई नेवाळकर म्हणजे 'गिरजेची खाणावळ' या कादंबरीच्या लेखिका. वय पंच्याहत्तरच्या आसपास. मुलगा केंद्र सरकारात अधिकारी, म्हणून मुक्काम दिल्लीत. माझ्या शेजारी आमच्या कंपनीचे मालक भसीन साहेब चहाचा कप धरून बसले होते. टीपॉयवर करारपत्र होतं. त्यावर शरयूताईंची सही झाली की या कादंबरीवर टेलिफिल्म काढायला आम्ही मोकळे. सही नाही तर फिल्म नाही, आणि चॅनेलला तर आम्ही आधीच शब्द देऊन बसलो होतो.

भसीन साहेबांना मराठी येत नाही. "क्या कह रही हैं?" त्यांनी मला विचारलं.

"सर, कह रही हैं कि एंड इनका नहीं है."

"तो किसका है?"

शरयूताई त्यांच्याकडे वळल्या. "भसीन साहब, मेरी गिरजा आख़िर में पति के साथ जाती है. आपके काग़ज़ में नहीं जाती. बदलना था तो पहले पूछते."

"मैडम, हमने एक लाइन नहीं बदली. हमारी रीडर ने किताब पढ़कर लिखा है. वंदना, पूरी पढ़ी है ना?"

"जी सर," मी म्हणाले.

शरयूताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "शनिवारी ये. एकटी ये. माझी प्रत घराबाहेर जात नाही, इथे बसून वाच. मग बोलू."

करारपत्र सहीविनाच राहिलं.

मी अजून विद्यार्थिनी आहे, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे 'माझा व्यवसाय' म्हणायला संकोच वाटतो. फरीदाबादला मामांकडे राहते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर नोएडात नोकरी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. मामांनी आईला सांगून ठेवलंय, की नोकरी आहे तोवर पोरगी दिल्लीत, नोकरी गेली की गावी. त्यामुळे त्या दिवशी परतताना बसमध्ये मला सहीपेक्षा जास्त तेच आठवत होतं.

माझ्या कामाला 'रीडर' म्हणतात. सध्या नवी नवी चॅनेल्स निघाली आहेत आणि त्यांना रोज गोष्टी लागतात. नोएडात निम्म्या प्लॉटवर अजून घरं नाहीत, पण बेसमेंटमध्ये जनरेटर लावून बसलेल्या आमच्यासारख्या कंपन्या मात्र भरपूर आहेत. रीडरने कादंबरी वाचायची आणि तिची सिनॉप्सिस, म्हणजे चार पानांत अख्खी गोष्ट, हिंदीत लिहायची. मोठी माणसं पुस्तक वाचत नाहीत, सिनॉप्सिस वाचतात. ती आवडली तर पुढे सगळं.

भसीन साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात लाल पेन्सिल दिली होती. "जो दिखता है, उसके नीचे लाइन. जो सिर्फ़ सोचा गया है, उसे छोड़ दो. कैमरा सोच नहीं देखता, हाथ देखता है." म्हणजे 'तिला वाईट वाटलं' याच्याखाली रेघ नाही. 'तिने दिवा विझवला' याच्याखाली रेघ. एका पानावर चार-पाच लाल रेघा निघाल्या तर पुस्तक फिल्मला चालतं. आवडती पुस्तकं अशी वाचायला सुरुवातीला जिवावर यायचं. नंतर सवय झाली.

'गिरजेची खाणावळ' मीच सुचवली होती. नवऱ्याने टाकलेली गिरजा तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ खाणावळ काढते. तिचा एक नियम असतो: जेवणाऱ्याने आपलं ताट आपण उचलायचं, मग तो मामलेदार असो की हमाल. बारा वर्षांनी नवरा तिला न्यायला येतो. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. लाल रेघा तर पानापानावर.

हे पुस्तक मला भेटलं ते सिन्नरला, माझ्या वयाच्या बाराव्या वर्षी. आई विड्या वळते. दुपारी आमच्या ओट्यावर आईसोबत शेजारच्या तिघी-चौघी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हात चालू, कान रिकामे. मी वाचायला शिकले तशी त्यांनी मला समोर बसवलं. "वाच गं काही तरी." मी नगरपालिकेच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि मोठ्याने वाचायची. कंटाळवाणं आलं की कोणीतरी म्हणायचं, "हे पान उलट." असं मी खूप वाचलं.

गिरजा त्यांना फारच आवडली. आठ दिवस चालली. आणि पान दोनशे आठवर ती संपली. म्हणजे संपली नाही, तुटली. पुस्तकं सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात, शिवण सुटली की अख्खा फर्मा गळून पडतो. आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा गेला होता. शेवटची ओळ अशी: 'गिरजेने ट्रंक उघडली आणि'. पुढे पुठ्ठा.

मी रडायला लागले. आई म्हणाली, "थांब. उद्या विड्या द्यायला जाईन तवा लायब्ररीतल्या बाईंना इचारून येते."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने सगळ्यांना शेवट सांगितला. गिरजा ट्रंकेतून कोरं ताट काढते. पंगतीत मांडते. नवऱ्याला पोटभर वाढते. तो हात धुऊन म्हणतो, चल आता. तेव्हा ती म्हणते, "आधी ताट उचला. इथं समदे आपलं ताट आपण उचलतात." आणि तो खाली वाकून ताट उचलतो.

सगळ्यांचे हात थांबले होते. विड्या वळणाऱ्या बायकांचे हात थांबणं काय असतं ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

पुढे लायब्ररीने ते फाटकं पुस्तक बाद केलं आणि मी मागून घेतलं. ते माझ्याबरोबर दिल्लीला आलं. सिनॉप्सिस लिहिताना शेवटी मी तेच लिहिलं. आपण हे वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे, हे मनात आलंच नाही. चॅनेलवाल्यांना तर शेवट वाचूनच गोष्ट पसंत पडली होती.

शनिवारी मी शरयूताईंच्या व्हरांड्यात बसून त्यांच्या प्रतीची शेवटची सोळा पानं वाचली.

'गिरजेने ट्रंक उघडली आणि आपलं एकेक लुगडं बाहेर काढून ती विचार करत राहिली.' पुढची सोळा पानं ती विचार करते. बारा वर्षांचा, नवऱ्याचा, स्वतःचा. तिला कळतं की आता आपल्याला कोणाची भीती उरलेली नाही, आणि म्हणून ती जाते. खाणावळीची किल्ली कनवटीला लावून जाते. मी डोळे पुसत वाचलं. फार सुंदर होतं. हरलेली बाई नव्हती ती. पण कितीही शोधलं तरी सोळा पानांत लाल रेघेच्या जागा तीनच होत्या: ट्रंक, लुगडं, किल्ली.

शरयूताई दारात उभ्या होत्या. "वाचलंस?"

"हो."

"मग तुझं ते ताट कुठून आलं?"

"मला सोमवारपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. "मला घरी विचारायचंय."

रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून शेजारच्या कुलकर्णी मास्तरांकडे फोन लावला. त्यांनी आईला बोलावून आणलं.

"आई, गिरजेचा शेवट तुला लायब्ररीतल्या बाईंनी सांगितला होता ना?"

"कोनती गिरजा?"

"खाणावळवाली."

"आगं ती व्हय." आई हसली. "लायब्ररीत कुठं गेले मी. कारखान्यात विड्या दिल्या आन माघारी आले. वाटंनं सुचलं ते सांगितलं."

"मग बाईंचं नाव कशाला घेतलंस?"

"माझं म्हनून सांगितलं आसतं तर तू रडायची थांबली आसती का? का गं, चुकलं का काही?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं नाही चुकलं."

चूक माझी होती. रीडरने न वाचलेल्या पानांचा रिपोर्ट दिला होता. आमच्या कामात यापेक्षा मोठी चूक नाही.

सोमवारी दुपारी मी भसीन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. "मतलब जिस एंडिंग पे चैनल ने हाँ बोला, वो किताब में है ही नहीं?"

"जी नहीं."

"तुम्हारी है?"

"मेरी माँ की है, सर."

"राइटर हैं?"

"बीड़ी बनाती हैं."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मी मनात मामांना काय सांगायचं ते जुळवत होते.

"मुझे बाद में भी बता सकती थीं, जब मैडम साइन कर देतीं," ते शेवटी म्हणाले. "बिल्कुल गधी हो. जाओ, जो मुझे बोला, वही उनको बोलो. मैं साथ नहीं आऊँगा, मैं बीच में बोलूँगा तो बिगड़ेगा. और सुनो, उन्होंने मना किया तो यहाँ भी मत आना."

संध्याकाळच्या आत मी लक्ष्मीबाई नगरला पोचले. माझी फाटकी प्रत सोबत नेली होती, करारपत्रही. शरयूताईंनी ती उघडली, लायब्ररीचा शिक्का बघितला, दोनशे आठवं पान बघितलं. मी सगळं सांगितलं.

"माझा शेवट आवडला की आईचा?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. खरं तेच सांगायचं ठरवलं.

"वाचताना तुमचा आवडला. तुमच्या शेवटात गिरजा मला आतून कळली. पण... सांगू का?"

"त्यासाठीच बसलेय."

"सिनेमात तिच्या मनातलं दिसणार नाही. ट्रंक भरून नवऱ्याच्या मागे जाणारी बाई तेवढी दिसेल. लोक म्हणतील, गेली बिचारी. तुम्हाला तर तसं म्हणायचं नाहीये."

"मागून आवाज देतात ना तुमच्यात? व्हॉइस-ओव्हर का काय ते?"

"सोळा पानं, ताई?"

त्यांच्या तोंडाचा कोपरा जरा हलला.

"तुझ्या आईने पुस्तक वाचलेलं नाही."

"नाही. ऐकलंय. तिला सगळं दिसतं, बहुतेक. आणि ताटाचा नियम तुमचाच आहे, तिसऱ्या प्रकरणातला. तिने बाहेरचं काही आणलं नाही."

शरयूताईंनी पानं मागे उलटून तिसरं प्रकरण काढलं. ताटाच्या नियमाचं चार ओळींचं वर्णन त्यांनी दोनदा वाचलं असावं. मग पुस्तक मिटलं.

"तुझ्या आईला लिहिता येतं?"

"सही येते."

"ठीक आहे. मला येतं, तरी मी दुसरं पुस्तक लिहिलं नाही." त्या उठल्या आणि पेन घेऊन आल्या. "एक नीट ऐकून घे. पुस्तकात माझाच शेवट बरोबर आहे. तो मी बदलणार नाही आणि दुसऱ्या कोणाला बदलू देणार नाही. सिनेमात हा चालेल. पण माझ्या नावावर नको. ज्याचं आहे त्याचं नाव लावायचं. भसीनला कबूल असेल तर बघ."

त्यांनी करारपत्राच्या खालच्या मोकळ्या जागेत ती अट स्वतःच्या अक्षरात लिहिली. मला आईचं पूर्ण नाव विचारलं. आणि खाली सही केली.

भसीन साहेबांनी अट वाचून घेतली. "एंडिंग का क्रेडिट? यार, आज तक किसी को दिया नहीं." मग मला म्हणाले, "स्पेलिंग ठीक से लिखवा देना."

टेलिफिल्म गेल्या महिन्यात लागली. मी सुट्टी काढून सिन्नरला गेले होते. मास्तरांच्या घरी ओट्यावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. दोघींनी सूपही बरोबर आणलं होतं. फिल्म हिंदीत होती, पण कोणाचं काही अडलं नाही. नवऱ्याने वाकून ताट उचललं तेव्हा सुपांवरचे हात थांबले. मी पडद्याकडे नाही, त्या हातांकडेच बघत होते.

मग नावं यायला लागली. वाचणारी मीच होते, म्हणून मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. "अंतिम दृश्य की कल्पना, भागूबाई आव्हाड."

आई म्हणाली, "परत वाच."

नावाची पाटी पडद्यावरून निघून गेली होती. तरीही मी परत वाचलं.

नोकरी टिकली. आता माझ्या हाताखाली आणखी एक रीडर आहे, गाझियाबादहून येते. पहिल्या दिवशी मी तिला लाल पेन्सिल दिली आणि सांगितलं, कुठलंही पुस्तक हातात आलं की वाचायच्या आधी शेवटचं पान उघडायचं. तिला वाटलं, मी उतावळी आहे, मला शेवट आधी जाणून घ्यायचा असतो. तसं नाही. शेवट पुस्तकात आहे की नाही, एवढंच बघायचं असतं.