धोंड्याच्या महिन्यातली लढाई

"इंजिनीयरसाहेब, तुमचं लॅन हँग झालं!" भोकरदनच्या नव्या सायबर कॅफेचे मालक गणेशभाऊ माझ्या कानाशी ओरडले.

उद्घाटनाचा दिवस. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लॅन मीच टाकलेलं. म्हणजे काय, तर कॉम्प्युटर वायरने एकमेकांना जोडायचे, मग एकाच गेममध्ये दोघांना आमनेसामने लढता येतं. गेम जुन्या राजांचा होता. घोडदळ, तिरंदाज, हत्ती, किल्ले. दोन्ही फौजा मैदानात उभ्या होत्या आणि एक भाला हलेल तर शपथ!

नेमके बदनापूरचे एक गृहस्थ बघायला आले होते. पसंत पडलं तर त्यांच्या कॅफेचं सगळं काम मला मिळणार होतं. माझा धंदा नवा.

केबल दाबून बघितली. सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्विचच्या डबीवरचे दिवे बराबर लुकलुकत होते. माऊस बदलला. बदनापूरकरांनी जांभई दिली.

मग स्क्रीन नीट बघितली. झेंडे फडफडत होते, घोडे शेपट्या हलवत होते. हँग झालेल्या मशीनवर घोडा शेपूट हलवत नाही. म्हणजे बिघाड खुर्चीत होता. एका खुर्चीत बियाण्यांचे दुकानदार रामरावमामा, समोरच्या खुर्चीत त्यांचे जावई.

"मामा, हल्ला का करून नाही राह्यले?"

"कसा करू? धोंड्याचा महिना हाय. जावयाला जेवाया बोलवायचं अन् अंगावर फौज घालायची?"

"मंग तुम्ही तरी करा," मी जावयाला म्हणालो.

"मी? आत्ताच मामाच्या घरी धोंडे खाऊन आलो. न्हाई जमायचं."

डोक्याला हात लावला. दोघांना एकाच बाजूला घेतलं आणि शत्रू म्हणून मी स्वतः बसलो. मला वाटलं, हळूहळू खेळवू.

"जावईबापू, तुमी डावीकडून घुसा! जल्दी!"

"मामा, हत्ती दरवाज्यावर घाला!"

मघाची दोन देवमाणसं कुठे गेली कोण जाणे! माझे तिरंदाज तटावर चढेपर्यंत दरवाजा फुटला होता. चहा यायच्या आत किल्ला पडला. कॅफेत शिट्ट्याच शिट्ट्या. मीही पोट धरून हसलो.

बदनापूरकर डोळे पुसत म्हणाले, "लॅन बिलकुल पक्कं हाय. सोमवारी या आमच्याकडं. फकस्त फौज तुमी चालवू नका."

तेव्हापासून मशीन हँग झाल्याचा फोन आला की केबलचं नंतर विचारतो. आधी विचारतो, समोरासमोर कोण बसलंय?