लॉकर रिकामे का राहतात

पदार्थविज्ञानाची पदवी हातात असताना मी रिसॉर्ट आणि थीम पार्क व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या नातेवाइकांची चांगली करमणूक झाली. "परीक्षेत काय, घसरून दाखवायचं का?" आत्याने विचारले. स्लाइडच्या वळणावर माणसाच्या शरीरावर किती बल येते आणि पाण्याचा थर पातळ झाला तर काय होते, हे मी तिला कागदावर काढून दाखवले. ते शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे घसरायचंच."

अभ्यासक्रम माझ्या अपेक्षेपेक्षा कठीण निघाला. गर्दी कशी वाहते, रांगेत माणसाचा धीर कधी सुटतो, तलावातले पाणी किती वेळाने बदलावे, अडकलेल्या माणसाला स्लाइडवरून खाली कसे आणावे, असे विषय होते. बेलपाड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या कॉलेजात बहुतेकांना हॉटेलांच्या झगमगाटाची ओढ होती. मला रांगांची होती. रांग मोजता येते, तिच्याविषयी भाकीत करता येते आणि ते चुकले तर का चुकले हे शोधता येते.

शेवटच्या सत्रात प्रशिक्षणासाठी नेऱ्याच्या रस्त्यावरचा एक वॉटर पार्क मिळाला. तिथल्या मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की माझा प्रकल्प मालकांना पटला, तर संचालन विभागात कायमची नेमणूक मिळेल. पनवेल न सोडता, ज्यासाठी शिकले तेच काम करण्याची ही संधी होती. मला ती जागा हवी होती, आणि हे मी कुणापासून लपवले नाही.

प्रकल्पाचा प्रश्न वरवर साधा होता. स्लाइडवर जाण्याआधी दागिने, घड्याळ, चष्मा, सगळे काढून ठेवणे सक्तीचे असते. त्यासाठी लॉकर होते. तरीही ते रिकामे राहत आणि स्लाइडच्या पायऱ्यांशी माणसे दागिने हातात घेऊन खोळंबत. लॉकर रिकामे का राहतात?

मी रीतसर सुरुवात केली. सूचना इंग्रजीत होत्या, त्या मराठीत लावल्या. जमिनीवर बाण रंगवले. किल्लीचा पट्टा मनगटावरून निसटतो अशी शंका होती, म्हणून पट्टे बदलून पाहिले. काही फरक पडला नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी कॉलेजच्या मुलामुलींनी लॉकर भरत. रविवारी, कुटुंबे येत तेव्हा, ते ओस पडत. इथे थांबून या दोन गर्दींत नेमका फरक कोणता, हे विचारायला हवे होते. मी ते विचारले नाही. लॉकर तलावापासून लांब आहेत, असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले.

लाटांच्या तलावाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या बाकांची एक रांग होती. तिच्यावर कोरड्या कपड्यांतली माणसे दिवसभर नुसती बसून असत. माझ्या आराखड्यात मी त्या पट्ट्यावर राखाडी रंग भरला आणि आत 'निष्क्रिय क्षेत्र' असे लिहिले. बाक काढायचे आणि तिथे लॉकर बसवायचे. मॅनेजरांना आराखडा पसंत पडला. "येत्या मंगळवारी मालकांसमोर मांडा," ते म्हणाले. "हे त्यांना पटेल."

बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीची भिंत मोजायची राहिली होती, म्हणून मी ताईंकडे गेले. ताई नेऱ्याच्या. ती खोली आणि शेजारचा कॉस्च्युमचा काउंटर त्यांच्या ताब्यात होता. समोर आलेल्या बाईचे माप त्या नुसत्या नजरेने सांगत आणि कधी चुकत नसत. मला त्या पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणत, आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता चाखून तिच्यावर मत देत.

त्यांनी आराखडा उलटासुलटा करून पाहिला. "आनि म्हाताऱ्या कुठं बसवशील गो?"

"कोणत्या म्हाताऱ्या?"

"हितल्या. तुझ्या नकाशात नाय त्या."

"त्या पाण्यात उतरत नाहीत, ताई. मी पाण्यात उतरणाऱ्यांचा विचार करतेय."

"लई शिकलीस," त्या म्हणाल्या. "रविवारी ये आनि बाकावर बस. वही नको आनू."

मी वही नेली, पण पिशवीतच ठेवली.

मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, त्यामुळे करंज्याहून एक अख्खे घर बस करून आले होते. दीर, जावा, मुली, जावई आणि पोरेसोरे. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई थेट बाकांशी आली, छपराच्या खांबाला पाठ लावून बसली आणि तिने मांडीवर एक जुना सुती कपडा पसरला. मग तिच्यापुढे रांग लागली. सुनांनी पाटल्या काढल्या, मंगळसूत्रे काढली, कानातले काढले. प्रत्येकीचा ऐवज वेगळा घेऊन म्हातारी कपड्यात एकेक गाठ मारत होती. ज्यांच्या अंगावर सोने नव्हते त्यांनीही काहीतरी दिलेच. कुणी फोन, कुणी घड्याळ, एका पोरीने केसांचा चाप. जावयाने चष्मा दिला आणि चुकून बायकांच्या खोलीकडे चालू लागला.

"ओ जावई, तकडं कुठं?" म्हातारी ओरडली. "चष्मा काढला, अक्कल नाय काढली!"

सगळे हसले. ती मंडळी पाण्यात पांगल्यावर मी तिच्याजवळ सरकले. "आजी, तिकडे लॉकर आहेत. किल्ली हातात बांधून देतात. सोन्याला काही होत नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "सोन्याला काय होतंय? तुझं कपाट मला सांगंल का, पान्यात कोन हाय आनि कोन आलं त्ये?"

मला पटकन कळले नाही. तिने गाठींवरून बोट फिरवले. "माणूस पान्यातून आला का त्याची गाठ सुटते. गाठ हाय तवर माणूस पान्यात. होड्या दर्यात गेल्या का आमी घरी बी असंच करतो."

धोक्याच्या जागी आत जाणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर आपला बिल्ला लावायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा, हे मी सुरक्षेच्या विषयात शिकले होते, त्यावर उत्तरही लिहिले होते. तीच पद्धत माझ्या आराखड्यातल्या राखाडी पट्ट्यावर, एका मांडीवर चालली होती. मी बाकांच्या रांगेवरून नजर टाकली. पलीकडच्या बाकावरच्या बाईच्या ओच्यात बांगड्या होत्या. तिच्या शेजारच्या आजोबांच्या टोपीत चार घड्याळे होती. दीड महिना मी या माणसांपासून दहा पावलांवरून ये-जा करत लॉकर मोजत होते.

दुपारी साफसफाईसाठी तलाव थोडा वेळ बंद केला. शिट्ट्या झाल्या, करंज्याची मंडळी ओली, कुडकुडत बाकांशी आली आणि गाठी सुटू लागल्या. लाईफगार्डने हात वर करून तलाव रिकामा असल्याची खूण केली. म्हातारी मात्र उठून उभी राहिली.

"धाकटी आली नाय."

"ती वडे घ्यायला गेली असंल," कुणीतरी म्हणाले.

"पाटल्या हातात घातल्याबिगर ती वड्याला हात नाय लावायची," म्हातारी म्हणाली. "हुडका."

खोलीच्या दारातून हे ऐकून ताई तोवर मागच्या बाजूला धावल्याही होत्या. मी लाईफगार्डला घेऊन त्यांच्यामागे गेले. धाकटी सून उंच स्लाइडच्या मागच्या जिन्यावर, वरच्या टप्प्यात बसलेली सापडली. पाय मुरगळला होता, उतरता येत नव्हते, आणि पंपाच्या आवाजात तिची हाक खाली पोचत नव्हती. तो जिना खालून कुणालाच दिसत नसे. आम्ही तिला धरून खाली आणले. म्हातारीने आधी तिच्या हातात पाटल्या सरकवल्या आणि मगच पायाकडे पाहिले.

सोमवारची सुटी मी आराखडा नव्याने काढण्यात घालवली. जुना मांडला असता तर नेमणूक जवळपास नक्की होती, हे मला पुरेपूर ठाऊक होते. पण जे चूक आहे हे मला दिसले होते, त्याच्याखाली सही करणे शक्य नव्हते.

मंगळवारी मी मालकांना सांगितले की बाक हलवू नयेत, उलट घरच्यांच्या वस्तू सांभाळत बसणाऱ्या आजी-आजोबांसाठी ते वाढवावेत. प्रत्येक बाकावरून तलावाच्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. मागच्या जिन्याशी एक लाईफगार्ड हवा. लॉकर फाटकाजवळ, कॉलेजच्या गटांसाठी ठेवावेत.

"म्हणजे एवढ्या दिवसांच्या अभ्यासातून निघालं काय," मालक म्हणाले, "तर आजी?"

"हो. आणि माझी एक चूकही निघाली." मी जुना आराखडा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यात कोणती माणसे मोजायची राहिली होती ते सांगितले. मग रविवारची हकीकत सांगितली. ते हसायचे थांबले. मागच्या जिन्याविषयी त्यांनी मॅनेजरांना तीन प्रश्न विचारले. मग बाकांना आणि लाईफगार्डला मंजुरी दिली. माझ्याबद्दल म्हणाले की बाकांचा उपयोग होतो हे आधी सिद्ध करा, तोवर सहा महिन्यांची नेमणूक, कायमचे नंतर बघू. मी ते लेखी मागितले. त्यांनी भुवया उंचावल्या, पण दिले.

ताई बाहेर कॉस्च्युमच्या घड्या घालत उभ्या होत्या. त्यांना त्या वेळी तिथे काही काम नव्हते.

"ठेवलं का गो तुला?"

"सहा महिने."

"आनि म्हाताऱ्यांना?"

"त्यांना कायमचं."