मणका दबला त्या दिवशी

त्या वर्षांत माझ्या मनाने एकच धरलं होतं, की देव माझ्यावर रुसला आहे. पन्नाशीही आली नव्हती आणि गादी गुंडाळताना मनगट मोडलं. प्लास्टर निघतं न निघतं तोच पाठ धरली. साडी नेसले की निऱ्या जमिनीवर लोळायच्या. आपली उंचीच कमी होते आहे, हे मला सुचलंही नाही. वाटलं, सेवेत कुठेतरी कसूर राहते आहे. म्हणून उपास वाढवले. सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि त्या दिवशी नुसता कोरा चहा. शेवटी ठरवलं, रामटेकचा गड उपाशीपोटी, अनवाणी चढायचा.

आम्ही तेव्हा नागपुरात, महाल भागात राहत होतो. निघताना हे म्हणाले, "काहून असा हट्ट करून राहिली वं? कपभर दूध तरी घे." मी ऐकलं नाही.

एस.टी.त आम्हा दोघांना मागचं बाकडं मिळालं. कामठीला पांढऱ्या लुगड्यातल्या, साठीच्या एक बाई चढून माझ्याशेजारी बसल्या. भाचीच्या लग्नाला निघाल्या होत्या. थोडं पुढे गाडी खड्ड्यात जोरात आदळली. सगळेच उडाले, काही हसलेही. मला मात्र पाठीत काहीतरी चुरल्यासारखं झालं आणि श्वासच अडकला. हे घाबरून मला उचलू लागले, तशा त्या बाई कडाडल्या, "हात नका लावू! मी नर्स होती दवाखान्यात. सरळ झोपू द्या त्याइले." त्यांनीच गाडी थांबवली, मागून येणारी जीप अडवली आणि लग्न सोडून आमच्याबरोबर नागपूरला परतल्या.

वाटेत त्यांनी पाळीचं विचारलं. अडतिसाव्या वर्षीच पिशवी काढली, अंडाशयांसकट, असं मी सांगितलं. उपासांचंही सांगितलं आणि रडायला लागले, "रामाने मला वाटेतूनच परत पाठवलं." माझं कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "आमच्या घरी बुद्धाची तसबीर आहे वं. तुह्या रामाचं मले काय ठावं? पण उपाशी राहून हाड भरत नाही, एवढं मले ठावं आहे."

एक्स-रे पाहून डॉक्टर तेच बोलले. मणका दबला होता, हाडं आतून विरळ झाली होती. लवकर थांबलेली पाळी, किरकोळ अंगकाठी, वर्षानुवर्षं अपुरं खाणं. हाड मोडेपर्यंत यातलं काहीच जाणवत नाही, म्हणाले.

मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्या दर रविवारी कामठीहून यायच्या. दूध, तिळाची चटणी, गच्चीवरचं सकाळचं ऊन, मग भिंतीला धरून चार पावलं. दबलेल्या मणक्यावर भार येतो म्हणून कमरेत वाकायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. गेलेली उंची परत आली नाही. पण त्यानंतर हाड मोडलं नाही. पडल्या पडल्या मला हळूहळू उमगलं, की देवाने माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. मीच देत सुटले होते, आणि तो द्यायला आला तेव्हा मला घेता येत नव्हतं. दुधाचा पेला मी प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेऊ लागले.

इतकी वर्षं झाली, त्या बाईही आता नाहीत. एक रविवार मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवशी मी कुणाचाही आधार न घेता दारापर्यंत चालत गेले. त्या उंबरठ्यात उभ्या होत्या. डोळे भरून आले आणि मी त्यांच्या पायांशी वाकू लागले.

"वाकाचं नाही, सांगितलं होतं ना!" त्या रागावल्या, आणि माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला सरळ उभं केलं.