बिनमुळाचे लाडू

पिंपळीमूळ चांगलं की पोचट, हे डोळ्यांना कळत नाही. तुकडा दाताखाली धरायचा आणि गप्प बसायचं. आधी मातीची चव लागते, मग किंचित गोडवा. आता काही होत नाही असं वाटतं तेवढ्यात मागून तिखट येतं. जिभेचं टोक बधिर होतं, तोंडाला पाणी सुटतं. तोवर मी भावाचा शब्द काढत नसे.

शेगावच्या दुकानदारांना मी तुकडा द्यायची आणि त्यांच्या कपाळाकडे बघत राहायची. कपाळावर घाम दिसला की भाव सांगायचा. एकाने तुकडा थुंकून नुसतं ‘बरा हाय’ म्हटलं, तर मी पिशवी उचलून सरळ एस.टी. स्टँडची वाट धरली होती. तो अनवाणी मागे आला. औषध कारखान्याचा एक खरेदीदार मला सांगे की, या तिखटाला पायपरिन म्हणतात, मिऱ्यात असतं तेच. मी म्हटलं, नाव तुमचं, भाव माझा.

लोक म्हणत, बाई हिकमती आहे. हिकमत नव्हती, राग होता.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूला सासरचा पानमळा होता. मळा म्हणजे दिवसाढवळ्या उतरलेली संध्याकाळ. चपला काढून आत जायचं. पायाखाली ओली माती, दोन्हीकडे शेवरीच्या झाडांवर चढलेले नागवेल आणि त्यांच्या सावलीत पिंपळीचे वेल. पिंपळीची हिरवी बोंडं तुतीसारखी दिसतात, वाळली की काळी होतात. ती खोकल्याला मधातून द्यायची. वेल म्हातारा झाला की उपटून त्याचं मूळ वाळवायचं. झोप येत नसेल तर ते गुळातून द्यायचं आणि बाळंतिणीला लाडवातून. त्यानं दूध उतरतं, कंबर बळकट होते, वारा लागत नाही. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. दाराबाहेर सासूबाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

“पोट्टीच झाली.”

त्यानंतरचं काही स्वच्छ नाही. खिडकीला गोणपाट, बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी. छताच्या लाकडांवरून वेल उतरत होते. त्यांची पानं माझ्या पांघरुणावर टेकत आणि परत वर जात. मूल कधी माझ्या कुशीत असे, कधी फार लांब, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला रडत असे. सासूबाई दारात उभ्या राहून ओठ हलवत होत्या आणि आवाज पानांतच अडकून राहत होता. मला वाटे, आपण मळ्यातच निजलोय आणि कुणीतरी आपल्या अंगावर पाणी सोडलंय.

मग कुणीतरी हातात लाडू दिला. डिंक होता, खोबरं होतं, मेथी होती, गूळ होता. मी घास चावला आणि वाट पाहिली. तिखट आलं नाही. दुसरा घास घेतला. जीभ तशीच, जागी. माहेरी भावजयांच्या बाळंतपणातले लाडू मी चोरून खाल्ले होते, मला ती चव ठाऊक होती. लाडवात मूळच नव्हतं. मुळांचं पोतं तर ओसरीवर भरलेलं होतं.

दूध कमीच उतरलं. पोर रात्रंदिवस कोरड्या घशानं रडली. दहा पावलांवर मळा होता, पण चाळीस दिवस बाळंतिणीनं त्यात पाऊल टाकायचं नाही. मी पडल्या पडल्या एकच हिशेब पक्का केला: मुलगी झाली म्हणून माझ्या लाडवातलं मूळ काढून घेतलं.

मी भांडले नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीवरून भांडले नाही. उठायला लागल्यावर मळ्यातल्या म्हाताऱ्या वेलांची मुळं स्वतः खणायला लागले, वाळवली, पिशवीत भरून शेगावला नेली. पुढे आजूबाजूच्या मळ्यांतला माल घेऊ लागले. सासूबाई पैसे मागत नसत आणि मी देत नसे. लेकीला मात्र ती लाडवाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की तिला ती पाठ झाली.

तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. मी महिनाभर आधीपासून मूळ निवडून ठेवलं होतं. जाड, गाठीचं, मोडलं की आतून पांढरं. प्रत्येक तुकडा चावून पाहिलेला. तिला मुलगी झाली. मी दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “लक्ष्मी आली.” सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीला ताप भरला. दाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि मला सांगितलं, “आता मूळ नोका घालू लाडवात. उष्ण पडते. ताप उतरला का मंग द्या.”

“तू काय सांगतं मले?” मी म्हटलं. “अख्ख्या शेगावले मूळ खाऊ घालतो मी.”

“घाला ना शेगावले,” दाई म्हणाली. “इले नोका घालू.”

ती गेल्यावर सासूबाई वातीवरून नजर न उचलता बोलल्या. “तुलेबी तवा असाच ताप व्हता. या दाईच्या मायनंच पाह्यलं व्हतं तुले. तिनंबी हेच म्हटलं.”

माझा हात डब्यावर होता. “मंग मले सांगतलं काऊन नाही, आत्याबाई?”

“दोन डाव सांगतलं. दारात उभी राहून. तू हाव हाव म्हणे अन् वर छताकडं पाहे.”

मला वाटलं, म्हातारी सौदा करतेय. इतक्या वर्षांनी, माल हातातून गेल्यावर. मी चुलीपाशी गेले आणि डिंक तळला, खोबरं भाजलं, गूळ घातला. मुळाच्या भुकटीचा डबा उघडला, वास घेतला, परत लावला. लाडू वळताना माझे हात दुसऱ्याचे वाटत होते.

लेकीनं लाडू घेतला. डोळे तापानं चमकत होते. तिनं एक घास चावला आणि थांबली. मी ते थांबणं ओळखलं.

“आई, यात मूळ नाही.”

“ताप हाय तुले.”

तिनं छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज अगदी हळू होता. “पोट्टी झाली म्हून त नाही ना?”

मी, जी कुठल्याही दुकानात शब्दाला अडत नाही, तिथे उभी राहिले. काय सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं, ते मला सुचेना.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या, बाजेपाशी आल्या. “नाही वं माय,” त्या लेकीला म्हणाल्या. “खरंच ताप हाय तुले. दाई सांगून गेली, मी आयकलं. तुही माय त डबा घेऊन बसली व्हती रडत.”

मी रडत नव्हते. पण लेकीनं मान डोलावली आणि दुसरा घास घेतला. तिला साक्षीदार मिळाला. सासूबाईंच्या बाजूनं तेव्हा कुणी बोललं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

धुरी विरळ झाली होती. गोणपाटातून आलेला उजेड बाळाच्या मुठीवर पडला होता.

“लाडवाचं सोडलं मी,” मी सासूबाईंना म्हटलं. “पण ‘पोट्टीच’ म्हटलं तुमी. तवा ताप नव्हता मले. ते मी आयकलं.”

“म्हटलं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी शब्द परत घेतला नाही आणि मी सोडला नाही. त्या पुन्हा कोपऱ्यात जाऊन वाती वळू लागल्या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी मूळ घालून नवे लाडू केले. एक लेकीला दिला, एक सासूबाईंच्या हातावर ठेवला. दात नव्हते त्यांना. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि मी सवयीनं त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले.