मागची सीट

गाडी अण्णांची होती, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. आईवडिलांमागे मला अण्णांनी आणि वहिनींनीच वाढवलं. अण्णा गेले आणि एग्मोरच्या त्या घरात गाडी चालवणारा मी एकटाच उरलो, म्हणून ती माझी झाली. तसं कोणी म्हटलं नव्हतं. मी किल्ली खिशात ठेवू लागलो, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा वहिनींना मरीनावर न्यायचे. वाळूत उतरायचं नाही. कडेला गाडी लावून, काच खाली करून समुद्राकडे बघत बसायचं. त्यांच्यामागे तो नेम मी चालवला. वहिनी मागे बसायच्या. विधवेनं हवा खायला जाणं तंजावरकडच्या आमच्या नातलगांना रुचत नव्हतं, पण घरच्या गाडीत बसलेल्या बाईला कोण काय बोलणार? देवळाखेरीज तेवढंच त्यांचं बाहेर पडणं.

मग माझं लग्न झालं. घर लहान. बायकोशी दोन शब्द मोकळेपणी बोलायचे तर गाडीशिवाय जागा नव्हती, आणि गाडीत मागे वहिनी. त्या काही बोलत नसत. तेच जास्त अवघड व्हायचं. आज आम्ही दोघंच जातो, एवढं त्यांना सांगायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. आमच्याकडे असलं बोलायची रीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला धीर नव्हता.

एका रविवारी मी मागच्या सीटची गादी उपसून काढली. वहिनींना सांगितलं, काथ्या दबलाय, स्प्रिंगा टोचतात, गादीवाल्याकडे टाकतो. टाकली ती तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, माझ्या सडाफटिंग मित्राच्या खोलीवर. पुढचे कितीतरी शुक्रवार आम्ही दोघंच मरीनावर गेलो. गादी झाली का, वहिनी विचारायच्या. मी गादीवाल्याच्या आळसाला नावं ठेवायचो. इतकी ठेवली की तो माणूस मलाच खरा वाटू लागला.

मग मित्राची मदुरैला बदली झाली. एका शुक्रवारी, आम्ही निघायच्या बेतात असताना, तो सायकलरिक्षात सीट घालून दारात हजर झाला. वहिनी ओसरीवर डाळ निवडत होत्या. तो पुण्याचा, मनमोकळा. म्हणाला, "वहिनी, काय झोप लागायची हिच्यावर! मॅन्शनमधले सगळे जळायचे."

वहिनी हसल्या. त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गादीवाला बरा आहे की तुमचा, भाऊजी. बोलका आहे."

मी सीट बसवायला घेतली. मागची कड पाठीखाली सारायची आणि पुढचे आकडे खालच्या पट्टीत अडकवायचे. पण वर नीट वजन पडल्याशिवाय ते अडकत नाहीत. मी गुडघ्यानं दाबलं, हातांनी रेटलं. एक बाजू बसली की दुसरी वर यायची. थोडा वेळ बघून वहिनी उठल्या, दार उघडून आत गेल्या आणि मधोमध बसल्या. आकडे खटकन अडकले.

"बसली," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून तशाच राहिल्या. मग विचारलं, "उतरू की राहू?"

मी बायकोकडे पाहिलं. तिला दोष नाही. ती राहा म्हणाली असती. पण प्रश्न मला होता, आणि मी तिच्याकडे पाहिलं. तेवढं पाहणं वहिनींना पुरलं. त्या उतरल्या, लुगड्याला लागलेला काथ्या झटकला.

"जाऊन या तुम्ही. माझे गुडघे दुखताहेत."

आम्ही गेलो. समुद्रासमोर गाडी लावली, काचा खाली केल्या, आणि दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी देवळात गेल्या, नेहमीसारख्या चालत.

पुढे दर शुक्रवारी मी त्यांना चला म्हणत राहिलो. दर शुक्रवारी त्यांचे गुडघे दुखत राहिले.