सोड म्हणेपर्यंत

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला नजर उतरवायला सांगणार नाही. माझ्या घरात लिंबू येतं ते वरणावर पिळायला. अर्धं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं. मेलेली माणसं पुसून, गुंडाळून नातेवाइकांच्या ताब्यात दिली आणि त्यातलं कोणी परत येऊन माझ्याशी बोललं नाही. या ग्रुपवरच्या गोष्टी मी वाचते, पण जेवताना काहीतरी वाचायला लागतं म्हणून. तरी आज लिहितेय… कारण परवा जे झालं त्यानंतर मला झोप नाही.

मी जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीची सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. आत शिरलं की डावीकडे ड्रेसिंगची खोली, समोर कॉट, आणि माझ्या टेबलासमोर भिंतीला लागून एक लोखंडी बाक — एसटी स्टँडवर असतो तसा, जाळीचा, तिघांना बसता येईल असा. गोष्ट त्या बाकावरची आहे.

दुखण्याच्या गोळ्यांचे पेशंट आमच्याकडे किती वाढलेत, हे बाहेर कोणाला कळत नाही. दारूवाला लगेच ओळखू येतो, हा येत नाही. डाळ मिलमधले हमाल, केळीच्या गाड्या भरणारे, हायवेवरचे ड्रायव्हर. आधी पाठ दुखते म्हणून एक कॅप्सूल, मग कामाला उभं राहता यावं म्हणून दोन, मग मूठभर. जास्त झाल्या की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. आम्ही इंजेक्शन देतो, माणूस खाडकन उठून बसतो आणि आम्हालाच शिव्या घालत निघून जातो. खरा धोका इथेच. इंजेक्शनचा असर लवकर उतरतो, गोळ्यांचा नाही. घरी जाऊन पडला की श्वास परत मंदावत जातो, आणि तेव्हा शेजारी कोणी नसतं.

पूर्वी आम्ही अशांच्या हातात चिठ्ठी द्यायचो — धुळ्याला व्यसनमुक्तीच्या ओपीडीत दाखवा. त्यातला एक जरी धुळ्याला पोचला असेल तर मी नाव बदलीन. मग नवीन डॉक्टर मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, औषध इथेच, कॅज्युअल्टीतच सुरू करायचं. जिभेखाली ठेवायची एक गोळी असते. तलफ मरते, माणूस कामधंदा करू शकतो. पण आधीच्या गोळ्यांचा अंमल उतरून त्रास सुरू झाल्याशिवाय ती द्यायची नाही, नाहीतर हाल आणखी वाढतात. म्हणजे पेशंटला तासन्‌तास बसवून ठेवायचं.

"बांधून ठेवू का, मॅडम?" मी विचारलं. त्यांना राग आला. यायलाच हवा होता.

एप्रिलचा शेवट, भर दुपार. उष्माघाताच्या पेशंटनी सगळ्या कॉट भरलेल्या. डाळ मिलचा मुकादम गोकुळला लोडिंग रिक्षात घालून घेऊन आला. गोकुळ तिशीतला हमाल, अमळनेरकडच्या खेड्यातला. ओठ निळे. स्ट्रेचरवरच इंजेक्शन दिलं, तसा तो उठला, सलाइन ओढून काढली आणि चपला घालायला त्या बाकावर बसला.

"ताई, मी जास. माले काही व्हयेल नई."

"जा ना. संध्याकाळी आडवा करून आणतील तुला."

त्याने चपला घातल्या. उठायला गेला… आणि उठला नाही. परत जोर लावला. कपाळावर शिरा तटतटल्या, बाक करकरला, तो जागचा हलला नाही. मला वाटलं, चक्कर असेल. एक स्ट्रेचर मोकळं झालं होतं, म्हणून शरद वॉर्डबॉयला हाक मारली. एका बगलेत त्याने हात घातला, दुसऱ्या बगलेत मी. काटकुळा माणूस. त्याच्या दुप्पट वजनाचे पेशंट आम्ही दोघं रोज उचलतो. हा इंचभरही हलला नाही. शरदने माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतले.

गोकुळ स्वतःच्या मांड्यांकडे बघत होता.

"हाई पोतं कोनी ठेवं मनी मांडीवर?"

"कसलं पोतं रे?"

"सुपडू नाना शे. हात काढत नई तो."

सुपडू नाना मला माहीत होता. दिवाळीनंतर आलेला, त्याच मिलमधला म्हातारा हमाल. तेव्हा मॅडम आल्या नव्हत्या. त्यालाही असंच इंजेक्शन दिलं, तोही असाच उठला. हात जोडून "येस, अक्का" असा निरोप घेतला आणि चिठ्ठी खिशात घालून गेला. संध्याकाळी त्याला मिलमागून उचलून आणला, चिठ्ठी खिशातच होती. त्याचे डोळे मी मिटले होते.

एवढं आठवेपर्यंत गोकुळची मान कलली. श्वास परत मंदावायला लागला होता. मॅडम धावत आल्या. शीर सापडेना, म्हणून मांडीत इंजेक्शन द्यायला मी त्याचा पायजमा वर सारला. मांडीच्या वरच्या अंगाला गोणपाटाची वीण उमटली होती. लालभडक, ताजी. दुसऱ्या मांडीवरही तशीच. बाकाची जाळी खाली होती हो, वीण वर होती. मी इंजेक्शन दिलं. श्वास आला. ऑक्सिजनही तिथेच, बाकावरच लावला. तो उठून गेला असता तर त्या वेळी रस्त्यात कुठेतरी पडला असता.

संध्याकाळकडे त्रास सुरू झाला. जांभया, नाक गळणं, पोटात मुरडा. लहान पोरासारखा रडला. मॅडमनी गोळी जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नाना, सोड आते."

आणि उठला. कोणीही उठतं तसा, सहज.

नंतर त्याने मला सांगितलं. हमालांत पाठीवर पोतं देणारा माणूस हात तसाच लावून ठेवतो. घेणारा तोल सावरून 'सोड' म्हणाला की मगच काढायचा. गोकुळला पाठीवर पोतं द्यायला कायम नानाच असायचा. "नानानी कधीच हात सोडा नई," तो म्हणाला.

मॅडम म्हणतात, पाय बधिर झाले असतील, आणि ती वीण सकाळच्या कामातली. असेल. पण शरदच्या आणि माझ्या हातांना लागलेलं वजन कसलं होतं, असं विचारलं की त्या पुढचा केसपेपर ओढतात. शरद त्या बाकावर डबा खायचा, आता खात नाही.

गोकुळ दर आठवड्याला औषधाला येतो. चेहऱ्यावर तुकतुकी आलीय. इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

परवा एक ट्रक ड्रायव्हर आला. तसाच निळा, तसाच उठून बसला. त्याचा फोन सारखा वाजत होता, धुळ्याला माल उतरवायचा होता. मी मुद्दाम त्याला त्याच बाकावर, त्याच जागी बसवलं. चपला त्याच्यापुढे ठेवल्या. मॅडमनी खूप समजावलं. त्याने चपला घातल्या आणि उभा राहिला. मी दारात आडवी झाले.

"बाजूला व्हा, ताई."

मॅडमच्या देखत, शरदच्या देखत मी त्या रिकाम्या बाकाकडे बघून म्हटलं, "नाना, धरा ना याला." आमच्या घराण्यात कोणी असलं काही बोललं नसेल.

कोणी धरलं नाही. तो गेला. पारोळ्याच्या पुढे ट्रक कडेला उभा सापडला, इंजिन चालू. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो झोपल्यासारखा बसला होता, असं कळलं.

काल गोकुळ आला तेव्हा मी जवळजवळ भांडलेच त्याच्याशी. म्हटलं, तुझ्या वेळी आला तर याच्या वेळी का नाही आला तुझा नाना?

"नाना त्याले वळखे नई ना, ताई."

ती वीण कशी उमटली, ते वजन कशाचं होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. मी तो बाक माझ्या खुर्चीला लागून ओढून घेतलाय. ज्यांना कोणी ओळखत नाही ते आता तिथे बसतील, आणि त्यांना धरायला मी आहे. माझ्या हाताला तेवढं वजन नाही.